अनुस्वार लिहायचा, बोलायचा नाही

जर्मन भाषेत 'मी' म्हणायला जो शब्द आहे, तो मला शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. तो 'इश' नाही, 'इक' नाही आणि 'इख' तर नाहीच. 'ई'साठी जीभ वर उचलायची, तिथेच ठेवायची आणि तिच्यावरून नुसता वारा सोडायचा, असं माझ्या गाण्याच्या बाई सांगायच्या. मी वारा सोडला की 'इश्श' असाच आवाज निघायचा. लालबागच्या चाळीत लग्नाच्या वयाची मुलगी गॅलरीत उभी राहून पंचवीस वेळा 'इश्श, इश्श' म्हणायला लागली तर काय होतं, याची बाईंना कल्पना नव्हती. त्या पारशी होत्या.

काय व्हायचं ते झालंच. शेजारच्या वहिनींनी आईला गाठून "मुलगा कुठला?" असं विचारलं. माझा भाऊ जाता-येता "कोणाक बघून लाजतंस गो?" म्हणून दात काढायचा. आई हसत नसे, पण थांबवतही नसे. मी चिडून दार लावून घ्यायचे आणि आत बसून पुन्हा तेच करायचे. दाराबाहेर पोरी माझ्यासारखा आवाज काढून पळायच्या. त्यांचं 'इश्श' माझ्यापेक्षा बरं यायचं असं मला तेव्हा वाटायचं.

या फंदात मी पडले ती गिरगावातल्या शाळेमुळे. तिथे मी लहान मुलींना शिवण शिकवायचे. सकाळच्या प्रार्थनेला या बाई पियानो वाजवायच्या. एकदा प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "एवढा मोठा आवाज आहे तुझा आणि तू बटनं लावायला शिकवते?" तरुणपणी त्या तीन वर्षं युरोपात गाणं शिकल्या होत्या. दादरच्या पारशी कॉलनीत, तळमजल्यावर, आठवड्यातून दोनदा त्या मला शिकवू लागल्या. विलायतेहून दरवर्षी एक परीक्षक यायचा. त्याच्यासमोर चार भाषांतली चार गाणी म्हणायची. पास झालं की शाळेत गाण्याच्या शिक्षिकेची जागा मला मिळणार, हे मुख्याध्यापिकांनी कबूल केलं होतं. मला ती जागा हवी होती. शिवणाचा मला मनापासून कंटाळा होता आणि गाताना मात्र मी कोणीतरी आहे असं वाटायचं. पण परीक्षेच्या फॉर्मवर शिकवणाऱ्याची सही लागायची, आणि उच्चार येत नसतील तर सही करणार नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

इंग्रजी कसंबसं निभावलं. इटालियनने तर जीवच लावला, लिहितात तसं बोलतात बिचारे. उरलेल्या दोघींनी माझा छळ मांडला. मी सगळे शब्द देवनागरीत लिहून घेतले होते. ती वही बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. जर्मनमधला 'झेड' म्हणजे थेट आपल्या चमच्यातला 'च'. तो मला पहिल्याच दिवशी आला आणि बाईंनी टाळी वाजवली. एवढा एकच वर्ण मला फुकट मिळाला होता. पण वहीत तो नुसता 'च' असा लिहिलेला, त्यामुळे गाताना जरा घाबरले की माझ्या तोंडून चहातला 'च' बाहेर पडायचा. बाई पियानोचं झाकण आपटायच्या. एकदा तर त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि मी तासभर एकटीच खुर्चीवर बसून होते.

फ्रेंचची गोष्ट त्याहून वाईट. माझ्या फ्रेंच गाण्यात 'हात' हा शब्द तीनदा यायचा आणि तिन्ही वेळा मोठ्या स्वरावर. लिहिताना त्याच्या शेवटी 'न' असतो, पण तो म्हणायचा नाही. नाकातून स्वर सोडायचा आणि जीभ कुठेही टेकवायची नाही. मी वहीत 'म' लिहून वर टिंब दिलं होतं. त्या टिंबापाशी पोचले की माझी जीभ आपोआप वर जाऊन चिकटायची. आंबा, अंगण, संत्रं यांची सवय, दुसरं काय होणार? कधी 'मॅन' व्हायचं, कधी 'मंग'.

"परत दरवाजा बंद केला!" बाई ओरडायच्या. "तिथे दरवाजा नाय आहे, डिकरी. उघडा ठेव."

"उघडाच ठेवतेय, बाई."

"ठेवते कुठे? मला ऐकू येते ना!"

घरी यावं तर वेगळंच. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी रोज सभा, भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा, पहाटे प्रभातफेऱ्या. भावाचा घसा कायम बसलेला असायचा. तो मला म्हणायचा, "हंयसर लोक मराठीसाठी तुरुंगात जातत आणि तू परक्यांची भाषा घोटत बसलंस." मला भयंकर राग यायचा. त्याचं बरं होतं. 'झालाच पाहिजे' म्हणताना कुणी त्याच्या जिभेची जागा तपासत नव्हतं.

फॉर्म पाठवायच्या आधीचा माझा शेवटचा क्लास होता त्याच दिवशी हरताळ पडला. ट्रॅम बंद, दुकानं बंद, गिरण्यांचे भोंगेही गप्प. भाऊ सकाळीच बाहेर पडला होता. मी वही घेतली आणि चपला घातल्या. आई चुलीपाशी होती, ती तशीच उठून दारात आली.

"खंय चललंस गो?"

मी जिन्यावर दोन पायऱ्या उतरले होते, तिथेच थांबले.

"काय म्हणालीस?"

"खंय चललंस म्हटलंय! बाहेर काय चल्लाहा ठावक नाय तुका?"

"पुन्हा म्हण. नुसतं 'खंय' म्हण."

आईचा चेहरा उतरला. "माझी नक्कल करतंस?" ती म्हणाली.

तिला तसं वाटलं यात तिची काही चूक नव्हती. दादरच्या शाळेत मी पाचवीत गेले तेव्हा वर्गाच्या बाईंनी खडू आणायला सांगितला आणि मी 'खंय?' असं विचारलं होतं. सगळा वर्ग हसला. बाईंनी मला उभं करून दहा वेळा 'कुठे' म्हणायला लावलं. त्या काळी शुद्धलेखनात टिंबांचा नुसता सुळसुळाट होता. 'कांहीं'वर दोन, 'नांवा'वर एक, 'घरांत'वर एक. एखादं राहिलं तर मार्क कापायचे. आणि वर बाईंची सक्त ताकीद होती, हा अनुस्वार लिहायचा, पण बोलायचा नाही. नाकात बोलतात ते अडाणी. मी हुशार मुलगी होते. वर्षभरात माझ्या नाकातला सगळा आवाज मी काढून टाकला, टिंब मात्र एकही चुकवलं नाही. मग घरी येऊन आईलाही शिकवायला लागले. "खंय नाही गं आई, कुठे." माझ्या मैत्रिणी घरी आल्या की आई पुढे पुढे बोलेनाशीच झाली. चहा ठेवून आत जायची.

तो आवाज आता जिन्यावर माझ्या कानात पडला होता. नाकातून सरळ आलेला, जीभ कुठेही न टेकवलेला, दार सताड उघडं. ज्याच्यासाठी मी सहा महिने बाईंची बोलणी खात होते तो आमच्या चुलीपाशी दिवसातून पन्नास वेळा म्हटला जात होता, आणि माझे कान मीच बंद करून ठेवले होते. मला इतका संताप आला की रडूच आलं. शाळेतल्या बाईंचा राग आला, पारशी बाईंचा आला, आणि माझा स्वतःचा तर विचारूच नका.

"नक्कल नाही गं," एवढंच मी म्हणाले आणि पळाले.

लालबागहून परळ, परळहून दादर, मी सगळा रस्ता चालत 'खंय, खंय' करत गेले. परळच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. तिथे एका स्वयंसेवकाने मला अडवलं. "ताई, आज हरताळ आहे, कुठे निघालात?" माझ्या तोंडून जवळजवळ 'खंय' निघणार होतं. "आजारी माणसाला बघायला," असं म्हणून मी सुटले.

बाईंनी दार उघडलं तेव्हा मी येईन असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. पियानोशी उभी राहिले आणि गाणं सुरू केलं. पहिला 'हात' आला. मी आईसारखं तोंड केलं. तो स्वर नाकातून वर चढला आणि तिथेच राहिला, कुठेही आपटला नाही. बाईंचे हात पियानोवर थांबले.

"परत," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटला. तिसऱ्यांदाही म्हटला. बाईंनी चष्मा काढला आणि उठून माझे दोन्ही गाल धरले. सहा महिन्यांत त्यांनी असं काही केलं नव्हतं.

"कुठून शिकली तू हे? मी तर थकली सांगून सांगून. कोणी शिकवला?"

मला साधं सांगता आलं असतं. आमच्या घरी मालवणी बोलतात, माझी आई असंच बोलते, असं म्हटलं असतं तर बाई हसल्या असत्या, कदाचित आईला बघायला आल्या असत्या. त्यांना त्यात कमीपणा वाटायचं काही कारणच नव्हतं. तो मलाच वाटत होता.

"रेकॉर्डवरून," मी म्हणाले. "एका मैत्रिणीकडे आहे."

"जो, बघ, मी बोलली नव्हती? ऐकायला पाहिजे माणसाने. घरात काय ऐकते त्याच्यावर सगळा असते." असं म्हणत बाईंनी फॉर्मवर सही केली. मी टीपकागदाने शाई टिपली. मला आनंद व्हायला हवा होता, पण चोरी करून पास झाल्यासारखं वाटत होतं. बाई मात्र खुशीत त्या रेकॉर्डचं नाव विचारत होत्या. मी आठवत नाही म्हटलं.

परीक्षा झाली. निकाल दोन-अडीच महिन्यांनी पोस्टाने आला. मी पास झाले होते. कागदावर परीक्षकाचे शेरे होते. जर्मनवर पुष्कळ मेहनत हवी, असं त्याने लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. फ्रेंच गाण्यापुढे मात्र उच्चार फार सुंदर आणि स्वाभाविक, असा शेरा होता. तो 'स्वाभाविक' शब्द मी कितीदा तरी वाचला.

आई जेवायला वाढत होती. भावाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. आईने विचारलं, "कित्याक जास्ती मार्क पडले?"

"फ्रेंचच्या उच्चारांना," मी म्हणाले.

"आमका खंय कळता त्यातला," ती म्हणाली, आणि माझ्या पानात आमटी वाढली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. कागद हातात होता, ती समोर बसली होती. मी मान खाली घातली आणि भात कालवायला लागले.