पैलवानाची लाथ
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला जळगावच्या होस्टेलची गच्ची आठवते. आमच्या वर्गाने कॉम्प्युटरवर मारामारीचा गेम बनवला होता आणि त्यातली पात्रं तुल्यबळ ठेवायचं काम माझ्याकडे होतं. हरणाऱ्याने भरताची वांगी भाजायची, असा नियम होता. एक सिनिअर रोज पैलवानाचं पात्र घेऊन एकाच लाथेने मला हरवायचा आणि सगळ्यांसमोर हसत माझ्या गावाच्या नावाने हाक मारायचा, "शिंदखेडा, चल, धूर खा." होस्टेलमध्ये त्या गेमची स्पर्धा ठरली, तेव्हा आदल्या दिवशी मी ती लाथ हळू केली. फायनलला माझ्यासमोर तो बटण दाबत राहिला, "अरे, लाथ बसत का नाही?" जिंकल्यावर मी म्हणालो, "भाऊ, काड्या तिकडे आहेत." लाथ आधी जास्तच जोरदार होती, हे खरं, पण तिचा वेग किती कमी करायचा, हे मी त्याचं हसणं आठवून ठरवलं होतं. सांगायला संकोच वाटतो, पण अजून मी तो वेग वाढवलेला नाही.