बसच्या दारातले सर

"कोनाच्या मानानं?"

सरांना काहीही सांगा, चष्म्यावरून बघत ते हेच विचारणार. "सर, आज फार ऊन आहे." "कोनाच्या मानानं?" "सर, हा पॉइंट दहा व्होल्टला आहे." "कोनाच्या मानानं, बेटा?" घरात त्यांच्या बायकोला भाजी खारट झाली असं म्हणायचीही चोरी होती.

आमच्या सेक्टरमध्येच, क्वार्टरच्या व्हरांड्यात ते बारावीला फिजिक्स शिकवायचे. छत्तीसगडातल्या आमच्या भिलाईत कोचिंगवाले चिक्कार, पण आईचा हट्ट, जायचं तर मराठी माणसाकडेच. माझं आणि विजेच्या त्या पोटेन्शिअलचं, म्हणजे व्होल्टेजचं, जन्माचं वाकडं. सर कधी चिडले नाहीत. "पोटेन्शिअल मारत नाही, फरक मारते," ते समजावायचे. "तारेवरचं पाखरू कावून मरत नाही? दोन्ही पाय एकाच तारेवर!" आवाज एवढा बारीक, की मागची पोट्टी खुशाल गप्पा हाणायची. त्यात मीही होते, खोटं कशाला सांगू.

आई शेजारच्या दुर्गला कोर्टात क्लार्क. गुडघ्यांनी तिचा जीव खाल्लेला, म्हणून रोज संध्याकाळी मी स्टॉपवर जाऊन तिला हात धरून बसमधून उतरवायची.

एका संध्याकाळी वादळ सुटलं होतं. बस येऊन थांबली आणि कडाडकन झाडाची मोठी फांदी मोडून समोर आडवी पडली. तिच्यासोबत वरची वीजतार तुटली, ती थेट बसच्या छपरावर. निळा जाळ उठला. आत नुसता कल्ला. आई दारातच होती, एक हात दांड्याला, एक पाय खाली यायला निघालेला. मी सवयीनं हात पुढे करून धावले.

"थांब तिथंच!"

बापा, काय तो आवाज! आईच्या मागे सर उभे होते. तेही दुर्गहून परतत होते. त्यांनी आईला पर्सच्या पट्ट्याला धरून आत ओढलं आणि माझ्यावर पुन्हा ओरडले, "पाय जोड! दोन्ही जोडून मागं उड्या मार. चालायचं नाही!"

मी बेडकासारखी उड्या मारत मागे गेले. स्टॉपवरचे लोक हसत होते आणि मला रडू फुटत होतं. आई बसच्या पत्र्याला टेकलेली, मी जमिनीवर. हातात हात गेला असता तर त्या फरकानं वीज आम्हा दोघींच्या अंगातून गेली असती. अशा वेळी जवळच्या जमिनीतसुद्धा दोन पावलांमध्ये फरक असतो, म्हणून त्या उड्या. व्हरांड्यात महिनोन् महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका क्षणात शिरलं.

पुढचं आईनं सांगितलेलं. कोणी म्हणालं, "टायर तो रबर का है, उतर जाते हैं." सर दारात आडवे झाले. "रबर की भी हद होती है भैया. हद के बाद वो भी रास्ता दे देता है." त्यांनी वीज ऑफिसला फोन लावला आणि तिथंच क्लास सुरू केला. सगळा पत्रा एकाच पोटेन्शिअलवर, आत बसलेले आपणही त्याच्यावर, आपसात फरक नाही, तर भ्यायचं कशाले? आईनं तेवढ्यात विचारून घेतलं, "सर, आमची पोरगी पास होईन का?"

"कोनाच्या मानानं, वहिनी?"

सगळी बस हसली म्हणे.

लाइनमननं येऊन तारेतली वीज बंद झाल्याची खात्री केली, तेव्हा कुठे माणसं उतरली. मी आईच्या गळ्यातच पडले. सरांकडे माझं लक्षही नव्हतं.

मी पास झाले. सर रिटायर होऊन नागपूरला मुलाकडे गेले आणि मागच्या हिवाळ्यात वारल्याचं कळलं. माझी आई मला त्यांनी परत दिली, याहून मोठं कोणी कोणाला काय देणार? आईला बातमी सांगितली तेव्हा ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं बाजूला ठेवली.

"त्या दिवशी बसपाशी तू रडून राहिली होती, तुले दिसलं नसन," मग ती म्हणाली. "सगळे उतरले, सर उतरेचनात. दांडा धरून तसेच उभे. पाय लटलट कापून राहिले होते त्याईचे. मंग मीच हात देल्ला. थंडगार होता वं हात. एवढं भेव होतं पोटात, आन् आमाले हासवून राहिले होते."