आईच्या भुवया

आईच्या भुवया कायम कपाळाच्या मध्यावर चढलेल्या असायच्या. कोपरखैरण्याच्या मासळी बाजारात त्यांची दहशत होती. गिऱ्हाईक निम्म्या भावाने मागायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं आणि आपणहून वाढवून द्यायचं. आई एक शब्द बोललेली नसायची.

खरं तर तिच्या वरच्या पापण्या उतरत उतरत बुबुळावर आल्या होत्या आणि त्यांना उचलून धरायची हमाली बिचारं कपाळ करत होतं. संध्याकाळी तळवलीला घरी आली की दोन्ही हातांनी कपाळ दाबत बसायची. उन्हाने दुखतंय म्हणायची. आणि लोक? लोकांना पडलेली पापणी दिसली की बाई झोपाळू नाहीतर बेवडी. एकदा हेल्मेटवाल्या एका साहेबाने विचारलंच, "काय मावशी, सकाळीच टाकली का?"

"वास तुझ्या तोंडाचा येतंय," आई म्हणाली, "मना कशाला इचारतंस?"

मग एका रविवारी सुरमई कापताना कोयता बोटावर बसला. टाके पडले. दादाने निकाल देऊन टाकला: "बस झाला आता. बाजारातली जागा धाकट्या मावशीला देऊन टाक, घरी बस." आई घरी बसून करणार काय? ती जागा म्हणजेच आई होती. बाजार सोडला तर तिला कुठे कोण विचारत होतं?

मी पत्रकं वाटणारी मुलगी. गावठाणातली घरं, नळाचं पाणी, कशावरही सांगा, एका पानात लिहून देते. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय, ऑपरेशनने घट्ट करता येतो. मी दादाच्या ऑफिसच्या विम्यासाठी फोन केला, तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणतो, "मॅडम, ही सौंदर्याची शस्त्रक्रिया आहे, यात बसत नाही." सौंदर्याची! ज्या बाईचं बोट तुटता तुटता वाचलं, तिला सौंदर्य सांगतोय! त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'मासळीवालीची नजर म्हणजे शृंगार आहे काय?'

आईचं भलतंच. "लोक म्हनतील, म्हातारपनी नटाया निघाली. मना नाय करायचा."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. एका यंत्रासमोर बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. एकदा पापण्या तशाच ठेवून, एकदा चिकटपट्टीने वर चिकटवून. यंत्रातून तिच्या नजरेची दोन चित्रं निघाली: पहिल्यात वरचा सगळा भाग काळा, दुसऱ्यात उजेड. नर्स पट्ट्या काढायला आली तर आईने तिचा हात धरला. "दिसताय ना? मंग काढतंस कशाला?"

ती तशीच, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या लावून रिक्षात बसली. वाटेत मान बाहेर काढून म्हणते, "या टॉवरच्या तारा कधी आल्या गो?"

"मी जन्मले तेव्हापासून आहेत, आई."

घर येईपर्यंत ती तारांकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "कर ते आपरेशन."

दुसऱ्या दिवशी पट्ट्यांसकट बाजारात गेली. अख्खा बाजार हसला. तिने हसू दिलं. बर्फाच्या पाण्याने पट्ट्या सुटल्या तेव्हाच ती चिडली.

विमा मंजूर झाला तो त्या दोन चित्रांमुळे. पत्रक मी जोडलं होतं, पण ते कोणी वाचल्याची खूण नाही.

ऑपरेशन डोळ्यांभोवती भूल देऊन झालं. मध्येच तिला उठवून बसवलं आणि समोर बघायला लावलं, दोन्ही पापण्या सारख्या येतात का ते तपासायला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हसत सांगत होत्या, पेशंटने आरसाच मागितला! वर म्हणाली, "डावा जरा कमी हाय, बराबर कर." टेबलावरही घासाघीस.

खोटं कशाला लिहू? आधी डोळे सुजून काळेनिळे झाले. झोपेत पापण्यांना फट राहायची, दादा बघून दचकला होता. डोळ्यांत खुपायचं, थेंब घालावे लागायचे. कोरड्या वाऱ्यात अजून घालते. डावी पापणी आजही किंचित खाली आहे. पण बुबुळं मोकळी झाली, कपाळ दुखायचं थांबलं आणि भुवया चक्क जागेवर उतरल्या.

तिथेच घोटाळा. बाजारात परत बसली तर गिऱ्हाइकं सरळ घासाघीस करायला लागली. "मावशी, आज खुशीत दिसताय, कमी करा ना!" संध्याकाळी आई माझ्यावर उखडली, "तू माझा धंदा बुरवलास!" दादा लगेच, "बघ, मी सांगत होतो, जागा देऊन टाक." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई उठली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली.

सकाळी मी बाजारात तिच्या मागेच बसले होते. तोच हेल्मेटवाला आला. पापलेट उचललं आणि निम्म्याने मागितलं. आईने त्याच्याकडे पूर्ण डोळे उघडून पाहिलं. मग भुवया चढल्या, सावकाश, तिच्या मर्जीने. तिथेच थांबल्या.

"बरं बरं, तुमच्या भावाने द्या," तो म्हणाला. "मावशी, डोळे मोठे झाले तुमचे."

"हो. आता तुझा पाकीट पन दिसताय."

भुवया खाली उतरल्या. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या बाईला उगाच सांगितलं, आई आहे माझी. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

आईने कोयता घेतला. पापलेट कापून झालं. बोटं सगळी जागच्या जागी.