आत्याने अर्धंच सांगितलं

आमच्या आत्याच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे, आणि त्याचा तिला भारी अभिमान. कुणाला जुनी साडी द्यायची झाली तर आधी ती तिचा फाटका पदर दाखवी. "आधीच सांगितलेलं बरं, मागून बोलणी नकोत," म्हणे. देवासची आमची गल्ली तिला बुआजी म्हणायची आणि तिच्या खरेपणाचे गोडवे गायची. त्यांचं काय जात होतं! भोगायचं मला होतं.

मी अकराएक वर्षांची असताना माझं हृदय मधूनच भरधाव सुटायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मी शाळेच्या पायरीवर मटकन बसायची. नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयातली विजेची एक जादा वाट जाळून टाकली. धडधड गेली ती गेलीच. बाबा तिथेच रडले. आत्याने मात्र डॉक्टरांना गाठलं, "ही मोठी झाल्यावर काय होईल, ते सांगा."

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "धोका फार कमी आहे. खेळू दे, पळू दे. पण लहान मुलांत हे करायला लागून अजून फार वर्षं झाली नाहीत, म्हणून पुढचं आज कुणीच खात्रीने सांगणार नाही."

पहिली दोन वाक्यं आत्याने मुंबईतच सोडली. शेवटचं देवासला आणलं आणि प्रसादासारखं घरोघर वाटलं.

शाळा उघडली तशी ती खेळाच्या सरांसमोर उभी. "इसके दिल में जलाया है. आगे का डॉक्टर भी नहीं बोलते." सरांचा चेहरा उतरला. खो-खोच्या संघात माझं नाव होतं, ते गेलं. "बिटिया, तू बैठ के पॉइंट लिख," म्हणाले. बाबा चिडले, "अक्का, अगं डॉक्टर हो म्हणालेत ना?" तर म्हणे, "डॉक्टर मुंबईला. पोरगी पडली तर उचलायला इथे मी आहे."

तिचा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. गुडघे धरलेले असूनही दहावीपर्यंत माझं दप्तर तिने वाहिलं. मैत्रिणी हसायच्या. मला तर ते दप्तर तिच्या हातून ओढून तळ्यात फेकावंसं वाटे.

पुढे धारचं स्थळ आलं. मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर. मोकळं हसायचा. मला आवडला होता, आज हे सांगायला कसली लाज? माझ्या हृदयाचं बाबा सांगणारच होते, पण नीट, शेवटपर्यंत. चहाचे कप हातात आले नाहीत तोच आत्या मुलाच्या आईला म्हणाली, "आधीच सांगते. हिच्या हृदयात जाळलंय. पुढचं डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत." कप तसेच खाली ठेवले गेले. "कळवतो," म्हणाले. कसलं कळवतात!

त्या दिवशी मी तिच्याशी कडाकडा भांडले. "अर्धंच का सांगितलंस?"

"वाईट तेवढं सांगावं, बाळ. चांगलं आपोआप दिसतं."

कुठे दिसलं? कुणाला दिसलं?

दरवर्षी इंदूरला तपासणी असे. शेवटी एकदा तिथल्या डॉक्टरांनी हात जोडले. "आता येऊ नका. लहानपणी हे केलेली कितीतरी मुलं आज आईबाप झालीत. तू ठणठणीत आहेस." आत्या तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मी तिला एकेक शब्द सांगितला. तिचे डोळे भरले. "देवापुढे साखर ठेव," म्हणाली. माझा राग त्या दिवशी थोडा निवळला. पंधरवड्यात ती गेली.

तेराव्याला गल्ली जेवायला होती. वरणाचं पातेलं उचलायला मी पदर खोचून वाकले, तशा चारचौघी धावल्या.

"ना बेटा, तू मत उठा! बुआजी जाने के एक दिन पहले ही बोली थीं, इसके दिल का ध्यान रखना."

एक दिवस आधी! म्हणजे मी सगळं सांगितल्यानंतर.

"मुझे कुछ नहीं हुआ है!" मी ओरडले. पातेलं उचललं आणि पंगतीच्या टोकापर्यंत नेलं. मागे वळले, तर वाढायचं सोडून सगळ्या जणी बघत उभ्या होत्या, मी पडते का ते.