पुलाच्या अलीकडचा माणूस

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला, तो माझ्या ताईमुळे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गावात सत्कार झाला तेव्हा मी गुरुजनांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, सरपंचांचेही मानले. ती समोर बायकांत बसली होती. तिचे राहिले. म्हणून इथे सुरुवात तिच्यापासून करतो.

ताई बारावी पास झाली तेव्हा मी आठवीत होतो. वडील म्हणाले, पुढे एकालाच शिकवता येईल. ती ताबडतोब बोलली, "मले कॉलेजचा कंटाळा येते, बाबा. याले शिकवा." किराणा बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचणारी मुलगी ती. ती खोटं बोलत होती, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

मग ती टायपिंग शिकायला लागली. आम्ही देऊळघाटचे. रोज जीपने बुलडाण्याला जायचं, आणि मुलीला एकटीला पाठवायची घरात पद्धत नव्हती. माझी शाळा बुलडाण्यातच, म्हणून शाळा सुटली की मी तिच्या सोबतीला. टायपिंगचा क्लास एका चाचांचा होता. दहा-बारा जुनी मशीन, आणि कोपऱ्यात चादर पांघरलेला एक कॉम्प्युटर. चाचांनी तो अकोल्याहून कोणाकडून तरी जुना घेतला होता, पण शिकायला कोणी येईना. ते आम्हाला म्हणायचे, "चलाते जाव बेटा, नहीं तो उसमें चूहे घर कर लेंगे."

त्यात आधीच्या मालकाचा एक खेळ राहिलेला होता. निळी शाल घेतलेला एक माणूस हातात कंदील धरून गावोगाव निरोप पोचवत हिंडायचा. तो माणूस म्हणजे आपण. प्रत्येक गावात लोक त्याच्याशी बोलायचे. एक कुंभारीण होती, तिचं गाढव रुसलेलं असायचं. एक म्हातारा रोज विचारायचा, माझ्या मुलाचा निरोप आणला का. सगळं बोलणं इंग्रजीत, खाली पट्टीवर. मी शाळेची डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक शब्द लावायचो आणि ताईला मराठीत सांगायचो. त्या म्हाताऱ्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझं इंग्रजी असं सुरू झालं.

पण मारामारी आली की सगळं बिघडायचं. लांडगा अंगावर यायचा, मी बटण दाबायचो, आणि आमचा माणूस तलवार उचलून तसाच उभा राहायचा. वार पडेपर्यंत लांडगा चावून मोकळा. मी घाबरून बटणं बडवायचो, तर तो भलतीकडेच तोंड करून हवेत तलवार फिरवायचा. एकदा त्याने कुंभारणीच्या गाढवालाच मारलं.

"काऊन बे, तुले गाढवच सापडलं का?" ताई हसून हसून खुर्चीवरून पडायला आली.

"मी काय करू? हा आयकतच नाई!"

"सरक. तू बडवून राह्यला त्याले. हे मशीनसारखं हाय."

टाइपरायटरवर एक अक्षर दाबलं की लोखंडी काडी वर उठते, कागदावर आपटते आणि खाली परतते. ती परतायच्या आत दुसरं दाबलं तर दोन काड्या एकमेकींत अडकतात, हाताने सोडवाव्या लागतात. ताईने तलवारीची काडीच केली. एकदा दाबायची, तोंडातल्या तोंडात "टक" म्हणायची, काडी परतेपर्यंत थांबायची, मग दुसऱ्यांदा. लांडगे पटापट पडायला लागले. तेव्हापासून वाटणी ठरली, वाचायचं मी आणि लढायचं तिने.

दोन हिवाळे आम्ही असे खेळलो. ती परीक्षा पास झाली, आणि लगेच साखरखेर्ड्याचं स्थळ आलं. क्लासच्या शेवटच्या दिवशी आमचा माणूस एका लाकडी पुलाच्या अलीकडे होता. पलीकडे दगडी अंगाचा रेडा. त्या रेड्याने आम्हाला नऊ वेळा मारलं होतं.

"राहू दे इथंच," ताई म्हणाली. "दिवाळीले आली की पाहू त्याच्याकडं. तोवर हात नको लावू, समजलं?"

"हाव."

मी खेळ राखून ठेवला. त्यात एकच जागा राखता यायची; नवी राखली की आधीची पुसली जायची.

तिच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. वर्गातल्या एका मित्राला मी चाचांकडे घेऊन गेलो. त्याला दाखवायचं होतं, मला इंग्रजी कसं येतं. नव्याने खेळ सुरू केला, पहिलं गाव दाखवलं, आणि उठताना सवयीने राखून ठेवायचं बटण दाबलं. पडद्यावर एक प्रश्न आला. मित्राशी बोलता बोलता मी हो म्हटलं. वाचायचं काम माझं होतं, आणि नेमकं तेवढं वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर माणूस पहिल्या गावाच्या वेशीवर. पूल नाही, रेडा नाही, ताईचे दोन हिवाळे नाहीत.

दिवाळीला ती आली. हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. "आपला माणूस कसा हाय?"

मी म्हणालो, चाचांचा कॉम्प्युटर बिघडलाय, पण मी आपला माणूस फ्लॉपीत काढून घेतलाय. आणि चाचांकडून मागून आणलेली कोरी फ्लॉपी तिच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसली आणि सासरी नेऊन ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली.

पुढे चाचांनी कॉम्प्युटर विकला. मी अमरावतीला शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो. ताईने साखरखेर्ड्यात शेती, सासूबाईंचं आजारपण, दोन मुलं असं सगळं केलं. टायपिंग कधी केलं नाही. दरवर्षी राखीला मात्र विचारायची, "पुलावर जायचं हाय नं आपल्याले?" मी हो म्हणायचो.

गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी बुलडाण्याला न्यावं लागायचं. मी भेटायला गेलो तेव्हा तिने भाचीकडून ट्रंक उघडवली आणि फ्लॉपी माझ्यापुढे धरली. हात सुजलेला होता. "आता तं तुझ्यापाशी चांगला कॉम्प्युटर हाय. उघड नं. मी थांबून थांबून मारीन त्याले."

इतकी जुनी फ्लॉपी खराब झाली, असं म्हणणं सोपं होतं. तिने विश्वासही ठेवला असता. मी "पुण्याला नेऊन पाहतो" म्हणालो, आणि तिने ती रुमालात बांधून दिली.

पुण्यात आल्यावर महिनाभराने पत्र लिहिलं. ते पोचल्यावर पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ताई गेली. रविवारी मी जाणार होतो. भाची सांगते, पत्र तिने स्वतः वाचलं, चष्मा लावून, दोनदा. मग एवढंच म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं दुसरा माणूस पुलापाशी नेला असता नं आम्ही." पत्र आता माझ्याकडे परत आलं आहे. ते असं :

ताई,

फ्लॉपी कोरी आहे. पहिल्यापासून कोरीच होती. तुझ्या लग्नानंतर महिनाभरात मी आपला माणूस पुसून टाकला, चुकून, एका मित्रापुढे मिरवताना. दिवाळीला तुला सांगायला हवं होतं. तू इतक्या आशेने विचारलंस की तोंड उघडलं नाही. मग दरवर्षी आणखी अवघड होत गेलं.

तू कॉलेजबद्दल बाबांशी खोटं बोललीस, त्याने माझं आयुष्य झालं. माझ्या खोट्याने तुला नुसतं वाट पाहायला लावलं.

तो खेळ मी शोधून काढला आहे. महिनाभर रोज बसतो. म्हातारा अजून मुलाचा निरोप विचारतो. लांडगे मला अजून चावतात, कारण तुझ्यासारखं थांबणं मला जमत नाही. तरी काल पुलापर्यंत पोचलो. रेडा पलीकडे उभा आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

रविवारी कॉम्प्युटर घेऊन येतो. तुझे हात दुखत असतील तर तू नुसतं "टक" म्हण, बटण मी दाबीन. माणूस पुलाच्या अलीकडे आहे, ताई. या वेळी खरंच आहे.