धुलाई खोलीतल्या मावशीचं मत

"अरे, हात माझाय ना? मग तो कधी वर करायचा नि कधी मांडीवर ठेवायचा, ते मी बघीन की. तू ते मोजे सरळ कर आधी."

पोरगा मोज्यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता, पण एकाही मोज्याला त्यानं बोट लावलं नव्हतं. सकाळपासून त्याचं एकच टुमणं. दुपारी फुटबॉल क्लबच्या कमिटीची बैठक होती. मॅनेजरला ठेवायचं की घालवायचं, एवढाच विषय. कमिटीत कामगारांची म्हणून एक खुर्ची असते, ती यंदा मावशीच्या वाट्याला आलेली. आणि ज्या मॅनेजरचा निकाल लागायचा होता, त्यानंच मावशीच्या पोराला, क्लबच्या चांगल्या गोलकीपरला, गोलमधून काढून बाकावर बसवला होता.

"सगळं गाव म्हणतंय घालवा म्हणून," पोरगा म्हणाला. "नि माझी आईच विचार करत बसलीय."

मावशीनं मशीनचं झाकण आपटलं. मशीन थरथरायला लागलं तसं बोलणं आपोआप थांबलं, नि तिला तेच हवं होतं.

अध्यक्षांपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला मावशी म्हणतात. ती इथं आली तेव्हा मशीन नव्हतं. बाहेरच्या नळाखाली फरशीवर जर्सी आपटायच्या, चिखलानं नखं काळी व्हायची ती कशानं निघायची नाहीत. नवरा मैदानाची निगा राखायचा. पुढं त्याची कंबर धरली ती धरलीच. तेव्हापासून तो घरी खाटेवर पडून रेडिओवर सामने ऐकतो नि येईल त्या मॅनेजरला शिव्या घालतो. घर मावशीच्या मनगटावर चाललं. पोरगा वाळत घातलेल्या कपड्यांखाली रांगत मोठा झाला नि ऐन पंचविशीत क्लबच्या गोलमध्ये उभा राहिला. तेव्हा मावशीनं त्याची जर्सी दोरीवर सगळ्यांच्या आधी टांगली होती. कुणी पाहिलं नसावं.

कमिटीच्या खुर्चीचं तिला कधी ओझं झालं नव्हतं. फाटकाला रंग कुठला द्यायचा, गळका नळ कधी दुरुस्त करायचा, असले विषय. चहा प्यायचा, मान डोलवायची नि कपड्यांकडं परत यायचं. आता मात्र तीच खुर्ची तिला आतून टोचत होती.

मॅनेजरला खेळाडू पाठीमागं घुम्या म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यानं काही चूक केली नव्हती. माणूस जिंकला तरी हूं, हरला तरी हूं. हट्टी तर असा, की एकदा मनात घेतलं की बैल पुढं जाईना नि मागंही सरेना. यंदा क्लब एकामागून एक सामने हरत चालला होता. गोलमध्ये उभा केलेला नवा गडी भला होता, पण चेंडू त्याच्या बाजूनं जायचा तेव्हा तो वाट सोडून उभा असल्यासारखा दिसायचा. असंच चाललं तर क्लब खालच्या गटात जाणार हे दिसत होतं. अध्यक्षांनी एकदा जाता जाता मावशीला म्हटलंही होतं, खाली गेलो तर कपडे बाहेरच्या लाँड्रीत टाकायला लागतील. म्हणजे तिची भाकरीही त्याच घुम्याच्या हातात.

तरी तिचा हात वर जाईना, याचं कारण तिला एकटीला ठाऊक होतं. एकटीला नि घुम्याला.

मागच्या हंगामाच्या शेवटी समोरच्या धिप्पाड गड्याचा गुडघा पोराच्या तोंडावर बसला. नाक फुटलं, ओठ फाटला, पण महिन्याभरात सगळं भरून आलं. पोरगा पुन्हा उभा राहिला. मग एका संध्याकाळी सराव संपून सगळे गेल्यावर घुम्यानं त्याला एकट्याला थांबवलं नि जवळून, अगदी हळू, एक चेंडू त्याच्या छातीकडं टाकला. मावशी दोरीवरचे कपडे काढत होती. चेंडू आला नि पोरानं डोळे मिटले. मान वळवली. कुणी हात उगारल्यावर लहान लेकरू करतं तसं. घुम्यानं आणखी एक टाकला. पुन्हा तेच.

घुम्या चेंडू उचलायला वळला नि ओल्या जर्सींच्या मधून त्याला मावशी दिसली.

दुसऱ्या दिवशी पोरगा बाकावर. नि त्याच दिवशी घुम्या मळक्या कपड्यांची पिशवी स्वतः घेऊन धुलाई खोलीत आला. दाराशी घुटमळला. "मावशी, तुम्ही काही पाहिलं नाही. मीही नाही," एवढंच म्हणाला. जरा थांबून पुढं म्हणाला, "असली गोष्ट एकदा बाहेर गेली की माणसाला कुठला क्लब दारात उभा करत नाही. थोडा वेळ लागेल. येईल तो."

तेव्हापासून घुम्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी पोराला मैदानावर बोलवायचा नि मऊ चेंडू टाकायचा. पोराला ती शिक्षा वाटायची. पोरांचे खेळ खेळायला लावतोय, म्हणायचा. हल्ली तर जायचाही बंद झाला होता. आईनं एकदा त्या संध्याकाळच्या सरावाचं आडून विचारून पाहिलं, तर म्हणाला, डोळ्यावर ऊन आलं होतं. संध्याकाळचं ऊन, नि तेही पाठीमागून.

बैठकीला ती हात कोरडे करून गेली, तरी खुर्चीवर बसल्यावर ते पुन्हा ओले वाटायला लागले. खोलीत ढालींचं कपाट, लांब टेबल, नि पंखा होता तो नुसता आवाज करत होता. अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं दुकान. बोलायला नरम, हिशोबाला कडक. त्यांच्या शेजारी औषधांचा दुकानदार. क्लबच्या प्रत्येक पराभवाचं निदान त्याच्याकडं तयार असायचं.

त्यानंच सुरुवात केली. सामन्यात गडी बदलताना कसं चुकतं, पोरं कशी दमतात, सगळं झालं. मग म्हणाला, अहो चांगला गोलकीपर बाकावर बसवून ठेवणारा माणूस एक तर आंधळा असला पाहिजे, नाही तर खुनशी. नि मावशीकडं त्यानं असं बघितलं, की जणू तिच्या घरात काही वाईट घडलंय नि तो भेटायला आलाय. मावशीनं नजर टेबलावर ठेवली.

घुम्याला आत बोलावलं. तो बसला नाही. अध्यक्षांनी सरळच विचारलं, की गोलकीपर का बदललात, एवढं तरी सांगा. तुमची नोकरी त्याच्यावर अडलीय.

एक वाक्य बोलला असता तर माणूस सुटला असता. नि तिचा पोरगा कायमचा गेला असता.

"तो माझा निर्णय होता," घुम्या म्हणाला.

"कारण?"

"कारण माझ्यापाशी आहे."

"बघा," औषधांचा दुकानदार म्हणाला. "भिंतीशी बोलावं तर निदान आवाज तरी परत येतो."

दोघं-तिघं हसले. घुम्यानं मावशीकडं एकदाही पाहिलं नाही. त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा दार ओढून घेताना त्याच्या हातून ते नीट लागलं नाही, नि कुणी उठून लावलंही नाही. फटीतून त्याची पाठ दिसत होती.

चिठ्ठ्या टाकायची रीत या क्लबात नाही. जे असेल ते हात वर करून, एकमेकांच्या तोंडावर. घालवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा, अध्यक्ष म्हणाले. दुकानदाराचा हात आधीच वर होता. आणखी वर गेले. दुकानदार मावशीकडं बघून हसला, या, तुमचीच वाट बघतोय, अशा थाटात.

मावशीचे हात मांडीवरच राहिले.

"मावशी, ऐकू आलं ना?"

"कान शाबूत आहेत माझे." ती म्हणाली. "बाकावर बसलाय तो माझा पोरगा. नि मी म्हणते, माणसाला राहू द्या. घरी गेल्यावर नवरा नि पोरगा दोघं मिळून मला धुवून काढणार आहेत, हे मला कळत नाही होय? तरी म्हणते."

अध्यक्ष पेनाचं टोपण काढत नि लावत राहिले. बराच वेळ त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. धंद्यातला माणूस, समोरचा काय दाबून ठेवतोय हे त्याला तोंडावरून समजतं. पण त्यांनी विचारलं नाही.

विचारलं ते दुकानदारानं. "म्हणजे पोरातच काही बिघाड आहे की काय?"

मावशीला वाटलं, जे पोटात ठेवायला ती गप्प बसली होती, तेच तिच्या मतानं उघडं पाडलं की काय.

"बिघाड आहे ना," ती म्हणाली. "बापावर गेलाय. आळशी, नि वर तोंडाळ. तुमच्याकडं गोळी असली तर द्या."

अध्यक्ष हसले, मग बाकीचेही हसले, नि दुकानदाराचा हात एवढ्या वेळात खांद्याच्या खाली आला होता. ठेवा म्हणणाऱ्यांत अध्यक्षांनी स्वतःचा हात घातला. ठरलं ते इतकंच, की पुढचे दोन सामने बघू. हरलाच तर पुन्हा बसू.

जाताना दुकानदार दारात थांबून मागं वळला नि मावशीकडं पाहत राहिला. हसला होता खरा, पण त्याला कुठंतरी पाणी मुरताना दिसलं होतं. ती नजर तिच्या पाठीला जिन्यापर्यंत चिकटून आली. घुम्या बाहेर भिंतीला टेकून उभा होता. तिनं त्याला ओलांडताना मान हलवली, त्यानं हूं केलं.

बातमी तिच्या आधी अंगणात पोचली होती. पोरगा दोऱ्यांच्या मध्ये उभा होता.

"तूच? सख्खी आई?"

बादलीत पिळायचे राहिलेले मोजे होते. त्यातला एक तिनं उचलला, गोळा केला, नि हातभर अंतरावरून सरळ त्याच्या तोंडावर फेकला.

पोरानं डोळे मिटले. मान वळली. ओला मोजा फटकन कानावर बसला नि मातीत पडला.

तो तसाच उभा राहिला. पाणी मानेवरून शर्टात उतरत होतं. डोळे उघडायला त्याला वेळ लागला, नि उघडले तेव्हा ते आईकडं वळले नाहीत.

"कुणाकुणाला माहितेय?" त्यानं विचारलं.

"मला. नि त्याला. तो नोकरीवर पाणी सोडायला उभा राहिला, पण तोंड उघडलं नाही." ती थांबली. "सकाळी तो रोजच्यासारखा मैदानावर वाट बघेल. जायचं तर जा. मी उठवायला येणार नाही."

पोरानं कपाळ पुसलं नि तो फाटकाकडं चालायला लागला. मैदानाकडं वळतोय की घराकडं, हे दोरीवरच्या चादरीआडून तिला दिसेना. वाकून बघायचा मोह झाला, पण बघितलं नाही.

मातीत पडलेला मोजा तिनं उचलला नि नळाखाली धरला. मशीन कधीचं थांबलं होतं. आतल्या जर्सी एकमेकींत गुरफटून बसल्या होत्या. बाह्यांना धरून ती त्या एकेक ओढून काढायला लागली.