चंद्रावरचे खड्डे आणि धुरपतामावशी

शुक्रवारी कोजागरीला आमच्या शाळेत माझी चांगलीच फजिती झाली. पण तिचं मूळ महिनाभर आधीचं आहे, तेव्हा तिथूनच सांगतो...

मी कनेरगाव नाक्याजवळच्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. धुरपतामावशी आमच्या शाळेची खिचडी शिजवतात. त्यांची चूल सातवीच्या खिडकीला लागूनच आहे, त्यामुळे माझे निम्मे तास त्यांनीही ऐकलेले असतात.

त्या दिवशी मी चंद्रावरचे खड्डे शिकवत होतो. तास संपल्यावर मावशींनी खिडकीतून विचारलं, "सर, ते खड्डे तुमी सोता पाह्यले का?" मी म्हटलं, नाही... पुस्तकात फोटो आहे ना.

"पाह्यले न्हाई, तं मंग लेकरायला येवढं छातीठोक काहून सांगता?"

भांडणाचा सूर नव्हता हो. खरंच विचारत होत्या, आणि विचारून डाळ घोटायला लागल्या.

मला आधी रागच आला. मग घरी आल्यावर लाज वाटली... सतरा वर्षं मी फळ्यावर गोल काढून त्यात खडूने ठिपके देतोय, पण दुर्बिणीला डोळा लावायची तसदी कधी घेतली नाही. शेवटी परभणीच्या एका मित्राची दुर्बीण चार दिवसांच्या बोलीवर आणली. मावशींना शब्द दिला की खड्डे पहिल्यांदा तुम्हालाच दाखवणार.

दिवस निवडला कोजागरीचा. गाव आपसूक जमतं, दूध असतं, आणखी काय पाहिजे... उत्साहाच्या भरात गावाच्या ग्रुपवर मेसेजही टाकला, 'चंद्र आणि आकाशगंगा पाहायला या.'

इथेच माती खाल्ली. पौर्णिमेच्या उजेडात आकाशगंगा बुडून जाते, आणि चंद्रावर ऊन अगदी समोरून पडत असल्याने खड्ड्यांच्या सावल्याच पडत नाहीत. हे सगळं मला वाचून माहीत होतं... पण वेळेवर आठवेल तर शपथ.

लोक रांगेने आले, डोळा लावला आणि डोळा चोळत बाजूला झाले. "लई उजेड हाय सर," एवढंच म्हणाले बिचारे. दिसली ती नुसती पांढरीफटक थाळी. शाळेशेजारी वावर असलेले रामराव काका मात्र मिशीत हसले, "आकाशगंगा पाहाची तं अवसेला या ना वावरात. पुनवेला कुठं दिसती?"

म्हटलं, काका, मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "आमाला वाटलं, यंत्रातून दिसत आसंल." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार...

आणि मावशी? साऱ्या गावाचं दूध आटवायचं काम त्यांच्या अंगावर. रांग लागायच्या आधीच मी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा उत्तर एकच, "येते सर, दूध खाली लागंल." तिसऱ्यांदा पदराला हात पुसत आल्या तेव्हा नेमका ढग आडवा आला. पाच मिनिटं थांबल्या, "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या आणि पातेली घासायला गेल्या.

ज्यांच्या प्रश्नासाठी हा सगळा घाट घातला, त्यांचंच बघायचं राहिलं. त्यानंतरचं दूध मला काही गोड लागलं नाही. शनिवारी आणि रविवारी तर संध्याकाळपासून आभाळ भरलेलंच होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी दुर्बिणीची पेटी सुतळीने बांधत होतो. साडेसातच्या एस.टी.ने ती परत पाठवायची होती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मावशी सकाळीच येऊन डाळ-तांदूळ काढून ठेवतात, मग वावरात जातात आणि शिजवायच्या वेळेला परत येतात. त्या आल्या, दारात थांबल्या आणि पश्चिमेकडे बोट केलं.

"सर, चंद्र तं हाय की अजून. दिवसा दिसत न्हाई का त्यातून?"

मी घड्याळ पाहिलं, पेटी पाहिली... आणि सुतळी सोडली.

दुर्बीण उभी केली आणि नळीवरून नेम धरत चंद्राकडे वळवली. शब्द दिला होता, म्हणून आधी मी डोळा लावला नाही. मावशी गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. एक डोळा हाताने झाकून दुसरा दुर्बिणीला लावला. मला वाटलं, पुन्हा काही दिसत नाही की काय? विचारायला गेलो तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

"हायेत," त्या म्हणाल्या. "एका कडंला हायेत. भाकरीला फोड येतात तशे. अन् त्याच्यात सावली पडून राहिली."

मग मी पाहिलं. पौर्णिमा होऊन अडीच-तीन दिवस झाले की चंद्राच्या एका कडेला ऊन तिरपं पडतं आणि सावल्या उमटतात. साऱ्या गावाला जे मला दाखवता आलं नाही, ते सकाळच्या उजेडात फिकट, पण स्पष्ट दिसत होतं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

नाक्याकडून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. गेली ती. मित्राला फोन करून दुपारच्या गाडीने पाठवतो म्हणून सांगितलं.

त्या दिवशी सातवीला पुन्हा तोच धडा घेतला. चंद्रावर खड्डे आहेत, असं म्हटलं आणि नकळत खिडकीकडे पाहिलं. मावशी तांदूळ धूत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "व्हय, हायेत. म्या पाह्यले. सर बराबर सांगून राहिले."

सतरा वर्षांच्या नोकरीत इतकी मोठी शाबासकी मला मिळालेली नाही. मावशींचे आभार कसे मानावेत ते काही सुचत नाही... पण पुढच्या कोजागरीला दूध मी ढवळणार आहे.